अनुस्वार उमटला का?

टॅब मुळात माझ्यासाठी घेतलाच नव्हता. 2020 मधे लेकीची शाळा घरात आली म्हणून घेतला, मग शाळा परत शाळेत गेली आणि टॅब राहिला माझ्याकडे, भाजी निवडताना सिरीयल बघायला. एक दिवस वाटलं यावर चित्रं काढावीत. इंटरमीजिएटला बी ग्रेड होती मला, मेमरी ड्रॉइंगमधे भाजीवाली काढली होती, त्यानंतर हातात ब्रश धरला तो थेट गणपतीचं मखर रंगवायला. म्हणजे अगदीच काही नाही असं नाही, थोडी पार्श्वभूमी आहे.

आधी बोटानेच काढून बघितलं. रांगोळीचा हात आहे, जमेल असं वाटलं, पण रांगोळी चिमटीतून खाली पडताना दिसते आणि इथे रेघ जिथे काढायची नेमकी तीच जागा बोटाखाली झाकली जाते. मग अप्पा बळवंत चौकातून 150 रुपयांचा स्टायलस, म्हणजे स्क्रीनवर लिहायचा पेन आणला, रबरी टोकाचा. टोक कसलं, भिजवलेला हरभरा होता तो! भाजीवालीचा डोळा काढायला गेले तर सगळा चेहराच काळा.

टोक एवढं जाडं का, याला कारण आहे. टॅबच्या काचेखाली विजेच्या अतिबारीक पारदर्शक तारांची जाळी असते, आपलं बोट लागलं की तिथला विजेचा भार जरासा बदलतो आणि त्यावरून स्क्रीनला कळतं कुठे हात लागला ते. आता बोट म्हणजे चांगलं रुंद प्रकरण, त्याहून फारच बारीक काही टेकलं तर स्क्रीन त्याला मोजतच नाही, म्हणून त्या पेनाला बोटाचं सोंग घ्यावं लागतं. हे सोंग वीज वाहू देणाऱ्या कशालाही जमतं म्हणा. 2010 च्या हिवाळ्यात दक्षिण कोरियात लोक हातमोजे काढायला नकोत म्हणून पाकिटातल्या सॉसेजने फोन वापरत होते. आमच्याकडे काकडीने टॅब चालतो, मी करून बघितलंय, फक्त नंतर पुसावा लागतो.

2007 मधे पहिला आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्जने स्टायलसची भर स्टेजवर टर उडवली होती, जन्मतःच दहा बोटं मिळालीत तर ती वापरा असं त्याचं म्हणणं. पुढे 2015 मधे त्याच्याच कंपनीने 99 डॉलरचा पेन काढला आणि नाव मात्र पेन्सिल ठेवलं, स्टायलस म्हणायचं नाही. ती पहिली पेन्सिल चार्ज करायला आयपॅडच्या बुडात खुपसून ठेवायची, थर्मामीटर लावल्यासारखी, लोक फार हसले तिला. पण चालायची झकास, हे हसणारेही मान्य करायचे.

माझ्याकडे आयपॅड नव्हता. मी दुसरा घेतला तो बॅटरीवाला, बाराशेचा, खोक्यावर युनिव्हर्सल असं लिहिलेला. टोक बारीक, दिसायला एकदम खरा पेन. तो स्वतःच बारीक टोकातून सिग्नल सोडतो म्हणून स्क्रीनला बोट टेकल्यासारखं वाटतं, पण पेन कुठला आणि हात कुठला हे काही टॅबला ओळखता येत नाही, त्यामुळे तळहात टेकला की तिकडेही रेघ. भाजीवालीच्या टोपलीत दरवेळी एक अनोळखी भाजी यायची. शिवाय तिरकी रेघ सावकाश ओढली की ती लाटा मारत जायची, झरकन ओढली की सरळ. मी आपली सावकाश काढणाऱ्यातली.

चित्रांचं एक वेळ सोडा, खरी गंमत लिहिताना कळली. त्या टॅबवर मी वाणसामानाची यादी करायला लागले आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याने विचारलं, ‘आबा दोन डझन म्हणजे काय?’ आंबा होता हो तो. हलकेच टिंब दिलं की पेनला ते समजतच नव्हतं, मग कांद्याचा कादा, चिंचेची चिच. जोरात टोचलं तर टिंबाऐवजी लहानशी रेघ यायची. सगळे रिव्ह्यू मी रात्री जागून बघितले होते आणि सगळ्यांत लोक इंग्रजी सही ठोकतात नाहीतर ड्रॅगन काढतात. त्यांना टिंब लागतं ते आय आणि जे वर, चुकलं तरी शब्द वाचता येतो. आपल्याकडे एका टिंबावर आंब्याचे आबा होतात. आणि शिरोरेषा! शब्द लिहून झाला की वर रेघ ओढायची, तर काच आणि आतला पडदा यांच्यात पोकळी असेल तर पेन एकीकडे आणि शाई जराशी दुसरीकडे. अक्षरं खाली, रेघ वर, मधे वारा खेळतोय.

यातून शोधत शोधत वाकॉमपर्यंत आले. ही जपानची कंपनी, 1983 ची. त्यांच्या पद्धतीत स्क्रीनच्या मागे वेगळा बोर्ड असतो, तो चुंबकीय क्षेत्र तयार करतो आणि पेनातल्या तारेच्या गुंडाळीला त्यातूनच शक्ती मिळते. बॅटरी नाही, चार्जिंग नाही. सॅमसंगच्या नोट फोनमधे 2011 पासून खोचलेला असायचा तो पेन याच जातीचा. पेन जवळ आला की टॅबला कळतं, मग तळहाताकडे तो लक्षच देत नाही. दाबाच्या 4096 पायऱ्या ओळखतो म्हणे. माझ्या हाताला तीनच माहीत आहेत, हलका, नेहमीचा आणि लेकीच्या प्रगतिपुस्तकावर सही करतानाचा.

पण तो बोर्डच माझ्या टॅबमधे नाही तर पेन आणून काय उपयोग? म्हणजे पेन आधी पसंत करायचा आणि मग त्याला साजेसा टॅब, आणि मी करून बसले होते नेमकं उलटं. शेवटी दिवाळीचे पैसे घातले, पेनसकट सेकंडहँड टॅब घ्यायचा ठरवला आणि या वेळी दुकानात उभं राहून परीक्षा घेतली. तळहात चांगला दाबून टेकवला आणि ‘चिंचगुळाची आंबट आमटी’ असं लिहिलं. दुकानातला मुलगा म्हणाला, मॅडम गोल काढून बघा ना, आपोआप नीट होतो. म्हटलं गोल राहू दे, अनुस्वार उमटला का ते सांग. उमटला होता, दोन्हींवर! एक तिरकी रेघ मुद्दाम गोगलगायीच्या वेगाने ओढली, तीही सरळ. मग पैसे दिले.

आता त्यावर कागदासारखी खरखरीत फिल्म लावलीये. गुळगुळीत काचेवर पेन घसरतो, अक्षर पळतं, फिल्मवर अडखळत जातं ते बरं वाटतं. निब झिजते लवकर, तेवढं आहे. पाटीवरची पेन्सिलपण झिजायची पण ती खाता तरी यायची.

राहिला जुना टॅब आणि तो लाटा मारणारा पेन. बाबा रिटायर झाल्यावर मोडी शिकायला लागलेत, घरभर बोरू तासून ठेवलेले असतात, आईचा रोज त्रागा की शाईचे डाग पडतात. म्हटलं बाबा, तुम्ही यावर गिरवा. हात टेकू नका एवढंच सांगायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, ‘टेकतंय कोण? ओल्या शाईवर हात ठेवला तर फासलं जाईल ना.’ त्यांनी आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढली, मोडीत रेघ आधी आणि अक्षरं मागून तिला लटकवायची. मग मनगट अधांतरी ठेवून पेन न उचलता सरासरा ओळच्या ओळ लिहून काढली. झरकन ओढलेल्या रेघा, त्यामुळे लाटा नाहीत. माझ्या हातात वर्षभर रडलेला पेन तो!

वाचून दाखवा म्हटलं तर चष्मा वर करून बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, ‘लिहिताना येत होतं.’