आमची वाटचाल : लाल डोळा आणि एक आकडा

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ आम्ही क्लिनिक सुरू केलं, तेव्हा कुत्र्याच्या डोळ्याचं प्रेशर मोजायचं तर मी पेशंट पुण्याला पाठवायची, नाहीतर थेट मुंबईत परळच्या जनावरांच्या दवाखान्यात. शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात काचबिंदू, म्हणजे डोळ्यातलं प्रेशर वाढून नजर जायचा आजार, शिकले होते. पण ओपीडीत लाल डोळा आला की मीही सगळ्यांसारखंच करायची. टॉर्च मारायची, पापणीवरून बोटाने दाबून बघायचं आणि थेंब लिहून द्यायचे. बोटाला फार उशिरा कळतं.

पहिलं यंत्र दिलं ते माणसांच्या डोळ्यांच्या एका डॉक्टरकाकांनी. त्यांच्या कपाटात शिऑट्झचं टोनोमीटर पडून होतं, ५.५ ग्रॅमच्या वजनासकट. दर रविवारी ते स्वतः येऊन शिकवायचे. भुलीचा थेंब टाकायचा, कुत्र्याचं नाक छताकडे करायचं, यंत्र बुबुळावर उभं टेकवायचं आणि काटा वाचायचा. गणित उलटं असतं. प्रेशर जास्त, तेवढा काटा कमी सरकतो. आतली दांडी जरा अडकली तरी रीडिंग खोटं, म्हणून प्रत्येक पेशंटनंतर ती पुसायची. काका ती माझ्याकडून पुन्हा पुन्हा पुसून घ्यायचे. शांत लॅब्राडोरला हे सगळं जमायचं, शिह त्झू मात्र मान वर करू देत नसे.

म्हणून कर्ज काढून प्रेशर मोजायचं फिनलंडचं नवं यंत्र, टोनोव्हेट घेतलं. भुलीचा थेंब लागत नाही. बारीक प्रोब, म्हणजे यंत्राच्या टोकाची काडी, सहा वेळा बुबुळाला टुचकन लागून मागे येतो आणि सरासरी स्क्रीनवर दिसते. कुत्रं सरळ बसलेलं चालतं, फक्त प्रोब आडवा राहिला पाहिजे.

पहिला हप्ता गेला आणि समोरच्या रस्त्याला मोठं ए.सी. क्लिनिक उघडलं. त्याच महिन्यात माझ्याकडे एक बीगल आला. उजवा डोळा लाल, बुबुळावर निळसर झाक, बाहुली मोठी. प्रेशर ४८. कुत्र्याचं साधारण १० ते २५ असावं, पाऱ्याच्या मिलीमीटरमध्ये. मी प्रेशर उतरवायचं सलाइन, मॅनिटॉल, लावायची तयारी केली आणि मालकाला सांगितलं, आज घरी नेऊ नका. मालक उठून समोर गेला. तिथे त्याला सांगितलं गेलं की डोळे आलेत, प्रेशर बघणं म्हणजे पैसे काढायचे धंदे. त्या बीगलचा डोळा गेला. आणि गावभर पसरलं ते असं, की मॅडमनी मशीन लावलं म्हणून डोळा गेला.

चार महिने ओपीडीत दिवसाला दोन-तीन पेशंट, तेही लसीचे. कंपाउंडरचा पगार थकला. हप्ता भरायला मी पाटल्या गहाण ठेवल्या. ज्यांच्या कुत्र्यांची बाळंतपणं मी रात्री दोन वाजता केली, तेही रस्ता ओलांडून जायचे. ते मी विसरलेले नाही.

त्या काळात एकच व्यक्ती दर महिन्याला नेमाने यायची. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आणि त्यांची कॉकर, राणी. राणीचा डावा डोळा आमच्याकडे यायच्या आधीच गेला होता. मेडिकलमधून आणलेले थेंब घालण्यात पाच दिवस गेले होते. उजवा १७ वर होता. पण कॉकरचा काचबिंदू एका डोळ्यावर थांबत नाही, म्हणून उजव्याला आधीच थेंब सुरू केले. बाई वहीत तारीख आणि आकडा लिहायच्या. दोन वर्षांनी एका सकाळी त्या रिक्षाने आल्या. "डॉक्टर, राणी पायरीवर थबकली." प्रेशर ३१. डोळ्यातलं भिंग जागेवर आहे याची खात्री केली आणि त्याच तासाला औषध वाढवलं. राणी शेवटपर्यंत बिस्किटाचा पुडा दुरून ओळखायची. बाईंनी ती वही शेजारीपाजारी दाखवली, आणि लोक परतू लागले. पुढची वर्षं बरी गेली.

नव्या डॉक्टरांना सांगते. प्रेशर बघताना पट्टा काढा. गळ्यावर ताण आला की आकडा वर जातो. पापणी हाडावर धरा, डोळ्यावर बोट दाबू नका. अश्रू मोजायची कागदी पट्टी आधी, मग प्रेशर, बाहुली मोठी करायचा थेंब त्यानंतर. दोन्ही डोळे मोजा. आकडा फार कमी आला तरी खूश होऊ नका, आत सूज असेल. आपल्याकडे गोचीडतापात असे डोळे दिसतात. आणि पालकांनो, कॉकर, बीगल, शिह त्झू घरात असेल तर वर्षातून एकदा मोजून घ्या, डोळा लाल व्हायची वाट बघू नका.

मागच्या पावसाळ्यात समोरच्या क्लिनिकमधून चिठ्ठी घेऊन एक पग आला. "प्रेशर बघून पाठवा." उजवा १९, डावा ४४. मी पहिला डोस दिला, आकडे आणि वेळ चिठ्ठीमागे लिहिली, फोन नंबर खाली घातला. फोन अजून आलेला नाही.