सातवीच्या भावात सहावी

आमचं गाव वेंगुर्ल्याच्या पुढे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. बाबांना आता जत्रेत रात्रभर बसवत नाही, म्हणून पुतण्या दशावतारी नाटकं आयफोनवर रेकॉर्ड करून आणतो. आडदशावतार या सुरुवातीच्या भागापासून पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत, फोन चार्जरला लावून. टीव्हीला डिस्क जोडली तर आवाज यायचा, चित्र नाही. शेवटी टीव्हीमागे ठेवायला एक छोटा कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. बजेट दहा हजार.

एवढ्यात नवा चांगला मिळत नाही, पण ऑफिसांतून निघालेले मिनी पीसी मिळतात. कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि सातव्या पिढीतले बहुतेक इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. आपल्याला विंडोज हवंच कशाला? विंडोजऐवजी लिब्रेइलेक ही छोटी सिस्टिम टाकली की कॉम्प्युटर चालू होताच समोर कोडी हा व्हिडिओ प्लेअर येतो. मी लिनोव्हो थिंकसेंटर एम७१०क्यू निवडला: आय-फाइव्ह ७५००टी प्रोसेसर, ८ जीबी रॅम, साडेआठ हजार. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानातून मागवला. सातवी पिढी एवढ्यासाठी की फोनचं एचडीआर (जास्त उजेड-रंग टिपणारं) रेकॉर्डिंग १०-बिट एचईव्हीसी या दाबून साठवायच्या पद्धतीत असतं आणि ते ग्राफिक्स चिपवरच पूर्णपणे उलगडायची सोय इंटेलने सातव्या पिढीपासून दिली. सहावीत ८-बिटपर्यंतच.

पार्सल आलं. लिब्रेइलेक पंधरा मिनिटांत बसलं. बाबा खुर्ची ओढून समोर. गणपती आला, रिद्धी-सिद्धी आल्या, सगळं अडखळत का होईना चाललं. मग युद्धाला तोंड लागलं, राजाने तलवार उपसली आणि तो तसाच उभा. मृदंग मात्र जोरात चालू.

“राजान तलवार काढल्यान आणि थयच झोपलो काय रे?” बाबा.

दुकानदाराला फोन केला. म्हणाला, केबल बदला. या पीसीला मागे डिस्प्लेपोर्ट असतो, टीव्हीला एचडीएमआय; माझ्याकडे साधा स्वस्त अडॅप्टर होता आणि त्यातून फोर-के सेकंदाला ३० फ्रेमच जातं. रेकॉर्डिंग ६० चं. म्हणून कुडाळला जाऊन चौकशी केली, तिथे नव्हता, शेवटी ६० फ्रेम जाऊ देणारा नऊशे रुपयांचा ॲक्टिव्ह अडॅप्टर ऑनलाइन मागवला. पाच दिवस गेले. (हा खर्च कधीतरी करावा लागणारच होता, म्हणून तो माणूस अर्धा बरोबर ठरला, याचाच मला जास्त राग आहे.) राजा पुन्हा तिथेच थिजला. मग दुकानदार म्हणाला, रॅम वाढवा. मग म्हणाला, टीव्हीत दोष असेल.

कोडीत व्हिडिओ चालू असताना कीबोर्डवर ‘ओ’ दाबला की डीकोडर (व्हिडिओ कोण उलगडतंय ते) दिसतो, हे मला तेव्हा कळलं. आधी कळलं असतं तर आठवडा वाचला असता. तिथे एचईव्हीसीच्या पुढे कंसात ‘एसडब्ल्यू’, म्हणजे सगळं ओझं प्रोसेसरवर. ‘एचडब्ल्यू’, म्हणजे काम ग्राफिक्स चिपवर, हवं होतं. चारही कोर शंभर टक्क्यांवर धापा टाकत होते. सिस्टिमच्या माहितीत जाऊन प्रोसेसरचं नाव वाचलं: ६५००टी, म्हणजे सहावी पिढी. एम७१०क्यूच्या त्याच खोक्यात सहावी पिढीही बसते, बाहेरून ओळखायला येत नाही, आणि झाकणावरचा स्टिकर नुसता ‘आय-फाइव्ह’ सांगतो.

“साहेब, आय-फाइव्ह म्हणजे आय-फाइव्ह,” दुकानदार म्हणाला. “सहावी काय, सातवी काय, पिक्चर तर लागतो ना?”

लागतो की! फक्त राजा हलत नाही.

पुढचे दहा दिवस व्हॉट्सॲपवर निळ्या टिका बघण्यात गेले. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि बायोसच्या (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगच्या) पानाचा फोटो एकाखाली एक पाठवले तेव्हा कुठे “पाठवून द्या, कुरिअर तुमच्या खर्चाने” असं उत्तर आलं. कुरिअरवाला गावात पिकअपला येईना. बाबा म्हणाले, “आमका नाटक बघूचा आसा, रॉकेट उडवूचा नाय. ऱ्हवांदे तो.” पण आता माझाच हट्ट होता. पुतण्या तुतारी एक्सप्रेसने मुंबईला निघाला होता, त्याच्या बॅगेत टॉवेलात गुंडाळून दिला. त्याला बजावलं होतं की काउंटरवरच चालू करून बायोसमध्ये ७५००टी वाचल्याशिवाय हलायचं नाही. तो पाऊण तास हलला नाही. बदलून मिळाला.

तेव्हा आय-फाइव्हच्या पुढचा आकडा विचारा, आणि फोटोत मागा, पैसे देण्याआधी. चार आकड्यांतला पहिला म्हणजे पिढी.

अजून एक, डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि अशा रेकॉर्डिंगला मिनिटाला साधारण ४०० एमबी लागतात. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत यूएसबीच्या तोंडांना गंज चढतो, म्हणून वापरात नसलेल्या पोर्टांना मी रबरी बुचं लावली. बंद कपाटात ठेवू नका, पंख्याला हवा लागते. लाईट गेली तर घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतो, त्याचा पॉवर अडॅप्टर ६५ वॅटचाच आहे.

बदलून आलेल्या पीसीवर राजाने न थिजता तलवार उपसली त्या रात्री बाबा दोनपर्यंत जागे होते. आता तक्रार वेगळी आहे. या पीसीला एचडीएमआयवरून टीव्हीच्या रिमोटचं बटण कळत नाही, त्यामुळे टीव्हीला एक रिमोट आणि नाटकाला छोटा वायरलेस कीबोर्ड. बाबा अजून टीव्हीच्या रिमोटनेच शंकासुराला थांबवायला बघतात, आणि मग मला हाक येते.