टँडमवर ग्रेट डिव्हाइड: वजन दोघांचं, चाकं दोनच

कॅनडातल्या बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेवरच्या अँटिलोप वेल्सपर्यंत ग्रेट डिव्हाइड माउंटन बाइक रूटची वाट साधारण ४,४०० किलोमीटरची आहे. अ‍ॅडव्हेंचर सायकलिंग असोसिएशननं हा रूट १९९०च्या दशकात आखला. बहुतेक वाट खडीची, मुरमाची नि मातीची. टँडमवर, म्हणजे दोघांनी पॅडल मारायच्या लांब सायकलवर, ती करायची असेल तर आधी एक हिशेब मांडा. दोघांचं वजन १४० किलो, सायकल २०, सामान आणि पाणी ३०. झाले १९० किलो. दोन वेगळ्या सायकली असत्या तर हा भार चार चाकांनी वाटून घेतला असता. टँडमवर जे जे मोडतं, त्यातलं बरंचसं या बेरजेमुळेच मोडतं.

पहिला फटका ब्रेकला. १९० किलो वजन ६०० मीटर खाली आणायचं म्हणजे सुमारे ११ लाख जूल ऊर्जा जिरवायची. तीन लिटर गार पाणी उकळायला एवढी पुरते. वारा आणि खडी त्यातला काही वाटा खातात, पण दोघं एकामागे एक बसल्यानं वाऱ्याचा अडथळा दुप्पट होत नाही, वजन मात्र होतं. उरलेली उष्णता डिस्कमध्ये, म्हणजे ब्रेकचे पॅड जिला चिमटीत धरतात त्या चकतीत, जाते. म्हणून पुढे-मागे दोन्हीकडे २०३ मिलिमीटरची डिस्क आणि धातूमिश्रित पॅड हवेत. रेझिनचे पॅड तापून गुळगुळीत होतात आणि पकड सोडतात. ब्रेक हलकेच धरून ठेवत सगळा उतार उतरू नका. जोरात दाबा, वेग पाडा, पूर्ण सोडा, डिस्कला वारा लागू द्या. थांबल्यावर डिस्कवर पाण्याचा थेंब टाका. चर्र आवाज आला तर दहा मिनिटं बसा. पॅडच्या चार जोड्या सोबत घ्या, कारण ओल्या वाळूमिश्रित चिखलात एकदोन दिवसांतच एक जोडी संपू शकते. माँटानातली फ्लीसर रिज तर चालतच उतरावी: एकानं हँडल आणि ब्रेक धरायचे, दुसऱ्यानं मागची सीट मागे ओढून धरायची.

मागच्या चाकाला ३६ आरे कमीत कमी, ४० असतील तर उत्तम. आरा तुटतो तो बहुधा गिअरच्या बाजूला, हबपाशी वाकतो तिथे. ताण कमी असला की प्रत्येक फेऱ्यात तो सैल-ताठ होत राहतो आणि थकून तुटतो. प्रत्येक लांबीचे तीन-चार आरे जवळ ठेवा, आणि कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरची गिअरची दातेरी चक्रं, काढायचं हत्यारही, नाहीतर त्या बाजूचा आरा बदलताच येणार नाही. २.४ इंची टायरमध्ये हवेचा दाब मागे ३८ आणि पुढे ३२ पीएसआयपासून सुरू करा. रिम दगडाला लागल्याचा ठक् आवाज आला तर दोन पीएसआय वाढवा.

आता टायमिंग चेन. डाव्या बाजूला दोघांचे क्रँक, म्हणजे पॅडलचे दांडे, जोडणारी ही चेन एकट्याच्या सायकलला नसतेच, त्यामुळे सगळ्यात जास्त दुर्लक्ष हिच्याकडे होतं. पुढचं बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा आस ज्यात फिरतो तो भाग, एका एक्सेंट्रिकमध्ये, म्हणजे भोक मध्यापासून बाजूला असलेल्या गोल तुकड्यात, बसवलेलं असतं. ते फिरवलं की क्रँक थोडा पुढेमागे सरकतो आणि चेन ताणली जाते किंवा सैल पडते. चेनच्या मध्यावर बोट ठेवून ती वरखाली हलवून पाहा. एकूण हालचाल एक ते दीड सेंटिमीटर हवी. चेनरिंग, म्हणजे क्रँकवरची दातेरी चकती, कधीच पुरती गोल नसते, म्हणून पॅडल फिरवत सगळ्यात ताठ जागा शोधा आणि तिथेच मोजा. फार ताठ ठेवली तर बेअरिंग खराब होतात. सैल राहिली तर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या रस्त्यावर उडून पडते, आणि दोघांची पॅडल जुळेनाशी होतात. परत बसवताना दोन्ही डावे क्रँक एकाच दिशेला आणा, चेनची वरची बाजू ताठ धरून दोन्ही चेनरिंगवर टेकवा, मग हळू फिरवत खालची बाजू चढवा. घरीच दोन्ही चेनरिंगच्या नेमक्या दातावर नेलपॉलिशचा ठिपका दिला असेल तर हे काम धुळीतही दोन मिनिटांत होतं. दोन बॉटम ब्रॅकेटमधलं अंतर ७१ सेंटिमीटर आणि चेनरिंग ३४ दात्यांच्या असतील तर १४६ कड्या लागतात. नेहमीच्या एका पाकिटात तेवढ्या नसतात.

मागे बसणाऱ्याला, म्हणजे स्टोकरला, पुढचा रस्ता दिसत नाही. म्हणून पुढच्यानं, कॅप्टननं, बोलत राहायचं. ‘खड्डा’ म्हटलं की मागच्यानं बूड उचलायचं, ‘गिअर’ म्हटलं की दोघांनी पायाचा जोर काढायचा. भर चढावर जोर न काढता गिअर बदलला तर चेन तुटते. स्टोकरच्या सीटखाली सस्पेन्शन सीटपोस्ट, म्हणजे धक्के शोषणारा दांडा, हवाच. ही चैन नाही. ग्रिझली अस्वलांच्या मुलखात बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला पळवून लावणारा फवाराही, स्टोकरच्या हाताशी ठेवा, कॅप्टनचे हात हँडलवर अडकलेले असतात.

कोलोरॅडोत डेल नॉर्तेहून इंडियाना पासवर, म्हणजे ३,६३० मीटरवर, जाताना सुमारे १,२०० मीटर चढ आहे. पुढे २४ आणि मागे ४२ दाते असतील तर २९ इंची चाक पॅडलच्या एका फेऱ्यात १.३ मीटर पुढे जातं. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी पावणेपाच किलोमीटर. याहून हळू झालं की तोल सांभाळणं कठीण, तेव्हा उतरून ढकला. चढावर पुन्हा निघताना कॅप्टननं दोन्ही पाय जमिनीवर रोवून ब्रेक धरायचे, स्टोकरनं आधी दोन्ही पाय पॅडलवर ठेवायचे, मगच ‘चल’.

वायोमिंगमधल्या ग्रेट डिव्हाइड बेसिनमध्ये सावली नाही आणि पाणी दुर्मीळ. दोघांत १२ लिटर पाणी घ्या, आणि तेवढे १२ किलो वाढल्यावर मागच्या टायरची हवा पुन्हा तपासा.

न्यू मेक्सिकोतली माती पावसात आपल्या काळ्या मातीसारखी वागते: चाक दोन फेरे फिरतं, मग फ्रेम आणि टायरमध्ये चिखल गच्च बसतो. अशा वेळी दोघांनी जोर लावला तर डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, चाकात ओढला जातो आणि तो जिला लटकतो ती पट्टी, हँगर, मोडते. जादा हँगर पिशवीत असू द्या, पण आधी थांबा. तंबू लावा, काठीनं चिखल खरवडून काढा, आणि ऊन पडून रस्ता सुकेपर्यंत सायकल हलवू नका.