लाइन गेली होती म्हणून

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी वनविभागात वनरक्षक आहे. इथले बरेच वाघ अभयारण्याबाहेर राहतात. जंगल, धानाची शेती, गाव, पुन्हा जंगल. मे महिन्यात पारा ४६ च्या पुढे सरकला की नाले कोरडे पडतात आणि ओल राहते ती उन्हाळी धानाच्या बांध्यांत. पाण्याला नि लोंब्यांना रानडुकरं येतात, डुकरांमागे वाघ. डुकरासाठी शेतकरी तारेत करंट सोडतो, त्यात वाघही मरतो. म्हणून उन्हाळ्यात आमची पहाटेची गस्त विजेच्या खांबांखालून असते.

त्या दिवशी वनमजूर भाऊ पुढे होते. धुऱ्याजवळ, म्हणजे शेताच्या बांधाजवळ, त्यांनी काठी आडवी धरली. ‘‘मॅडम, पाय टाकू नका.’’

बांबूच्या खुंट्या, त्यांवर बाटल्यांचे तुकडे, त्यावरून फूटभर उंचीची उघडी तार. टोकाचा आकडा थेट मोटारीच्या लाइनवर. आम्ही मागे सरलो, लाइनमनला फोन केला. त्याने येऊन आधी आकडा काढला. म्हणाला, ‘‘फीडरवर फॉल्ट आहे. मध्यरात्रीपासून लाइन नाही.’’

मग बांधीतला चिखल पाहिला. वाघिणीचे लांबट ठसे, बाजूने पिल्लाचे. तारेच्या अलीकडे होते, पलीकडेही होते.

शेतकरी आला. खोटं बोलला नाही. ‘‘डुकरानं अर्धी बांधी लोळवली, मॅडम. मी काय करू?’’

‘‘काका, रात्री पाणी द्यायला तुम्हीच येता ना इथे? अंधारात तुमचा पाय लागला असता तर?’’

ते गप्प. या भागात शेतीला वीज बरेचदा रात्रीच मिळते. वाघ फिरतो त्याच वेळी माणसाने बॅटरी घेऊन बांधीत उतरायचं, ही व्यवस्था ठरवणाऱ्याला एकदा इथे उभं करावं असं मला फार वाटतं.

तार गुंडाळत असतानाच मोटार घरघरली. लाइन आली होती, ऑटो स्विचने ती आपोआप सुरू झाली. वनमजूर भाऊंच्या हातातलं वेटोळं खालीच पडलं.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली पंचनामा केला. तो टाळता येत नाही, टाळूही नये. पण पिकाच्या नुकसानभरपाईचा आणि सौर कुंपणाच्या अनुदानाचा अर्जही तिथेच भरून घेतला. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो, त्याने जनावर पळतं, मरत नाही. फक्त अनुदान वेळेत यायला हवं. ते उशिरा आलं तर पुढच्या हंगामात पुन्हा तार दिसेल, हे मला माहीत आहे.

ठसे तेंदूच्या जंगलाकडे गेले होते. पानं तोडायला बायका निघण्याआधी गावात फोन करायचा होता.