शिळा भात आणि माझं वाया गेलेलं सॅम्पल

इंद्रायणीचा भात चिकट होतो नि कोलमचा मोकळा, हे आईला कुठल्याही यंत्राशिवाय कळतं. मला मात्र त्यामागच्या स्टार्चच्या साखळ्या मोजायला सुरुवात करेपर्यंतच पुण्यातल्या लॅबमध्ये तीन आठवडे गेले.

स्टार्चमध्ये दोन रेणू असतात. अमायलोज जवळजवळ सरळ साखळीचा, तर अमायलोपेक्टिन फांद्या फुटलेल्या झाडासारखा. हा दुसरा इतका अवाढव्य, की अख्खा कॉलममध्ये, म्हणजे रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या, सच्छिद्र मण्यांनी भरलेल्या नळीत सोडला तर आतच तुटतो. म्हणून आयसोअमायलेज हे एन्झाइम घालून फांद्या आधी जोडावर कापायच्या आणि मग सुट्या साखळ्या आकारानुसार वेगळ्या करायच्या.

सुरुवातच गार झाली. डिसेंबरची सकाळ, आणि स्टार्च विरघळवायच्या डीएमएसओची बाटली दगड! हे द्रावक १८.५ अंशांनाच गोठतं. कोमट पाण्यात बाटली धरून उभी राहिले.

खरा घोळ पुढेच होता. शिजवलेल्या स्टार्चमध्ये एन्झाइम घातलं, पीएच ३.५, तापमान ४० अंश, रात्रभर. सकाळी द्रावण स्वच्छ. शुक्रवार होता, नळ्या फ्रिजमध्ये ठेवून मी घरी गेले. सोमवारी तळाशी ताकासारखा पांढरा गाळ. सरांनी नळी उजेडात धरली आणि विचारलं, "फोडणीच्या भाताला शिळाच भात का घेतात?"

शिळ्या भातात होतं तेच इथे झालं होतं: लांब साखळ्या गारव्यात एकमेकींना बिलगून पाण्यातून बाहेर पडल्या होत्या. वरचं निवळ कॉलममध्ये सोडलं असतं तर अमायलोज कमी दिसला असता, आणि मी तो आकडा खुशाल वहीत उतरवला असता.

दुसऱ्या खेपेला एन्झाइमचं काम होताच द्रावण उकळलं, लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलं, वाळवलं. ती पावडर लिथियम ब्रोमाइड हा क्षार घातलेल्या डीएमएसओमध्ये ८० अंशांवर रात्रभर विरघळवली.

कॉलमचं काम चाळणीच्या उलट चालतं. बारीक रेणू मण्यांच्या छिद्रांत शिरून रेंगाळतात, मोठे सरळ बाहेर येतात. कोलम तांदळाच्या आलेखात आधी एक बुटका, पसरट उंचवटा आला, मग लांब फांद्यांचा, शेवटी आखूड फांद्यांचा सगळ्यांत उंच.

पण पहिला उंचवटा अमायलोजचाच कशावरून? म्हणून मेणचट मक्याचा स्टार्च चालवला, त्यात अमायलोज जवळपास नसतोच. तिथे रेषा सपाट राहिली. मग कुठे इंद्रायणीची नळी ट्रेमध्ये लावली.