पॉइंटांचा रकाना आधी झाकून ठेवा

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये २००६ साली सामन्यामागे पॉइंटांची सर्वाधिक सरासरी होती गोंझागाच्या अ‍ॅडम मॉरिसनची, २८.१. २००९ साली डेव्हिडसनच्या स्टीफन करीची, २८.६. २०११ साली ब्रिगहॅम यंगच्या जिमर फ्रेडेटची, २८.९. एनबीए या व्यावसायिक लीगचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्या ड्राफ्टमध्ये मॉरिसन तिसरा निवडला गेला, करी सातवा, फ्रेडेट दहावा. पुढे करीने एनबीएची चार विजेतेपदं मिळवली आणि बाकीच्या दोघांना तिथे पाय रोवता आले नाहीत. सरासरी मात्र तिघांची जवळपास सारखीच.

म्हणून कॉलेजचा खेळाडू जोखताना पॉइंटांचा रकाना हाताने झाकायचा आणि वेगळाच प्रश्न विचारायचा: चेंडू याच्या हातात नसेल तेव्हा हा काय करेल? कॉलेजात संघाचं अख्खं आक्रमण त्याच्याभोवती रचलेलं असतं. एनबीएच्या संघात चेंडू हाताळणारे दोघेतिघे आधीच बसलेले असतात. नवख्याला तिथे कोपऱ्यात उभं राहून थ्री (लांबच्या रेषेबाहेरून तीन पॉइंटांचे शॉट) मारायचे असतात, पटकन पास पुढे सरकवायचा असतो आणि आपला माणूस रोखायचा असतो.

करीचं उत्तर नोव्हेंबर २००८ मध्येच दिसलं होतं. मेरीलँडच्या लोयोला संघाने सामनाभर त्याच्यावर दोन-दोन माणसं लावली. करी सरळ कोपऱ्यात जाऊन उभा राहिला आणि उरलेल्या चौघांना तिघांविरुद्ध खेळू दिलं. त्याचे पॉइंट शून्य, डेव्हिडसन ७८-४८ ने विजयी. नुसता स्कोअर वाचणाऱ्याला हा सामना फसलेला वाटेल.

आता उरलेले रकाने उघडा. तिघांच्या त्याच हंगामातल्या स्टील्स, म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेले चेंडू, पाहा: करी सामन्याला २.५, फ्रेडेट १.३, मॉरिसन १.१. असिस्ट, म्हणजे ज्यावर सोबत्याने लगेच बास्केट केला असे पास, ५.६, ४.३ आणि १.८. स्टील हा मला फार बोलका आकडा वाटतो, कारण त्यासाठी प्रशिक्षक चाल आखून देत नाही. हात किती चपळ आणि पुढचा पास किती आधी दिसतो, एवढंच त्यात उतरतं. पण व्हिडिओ पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नका. काही जण दर वेळी चेंडूवर झडप घालतात. चार वेळा हुकतात, पाचव्यांदा साधतं, आणि नोंद फक्त पाचव्याची होते. सिरॅक्यूजसारख्या वर्षानुवर्षं झोन (माणसाऐवजी जागा राखायचा बचाव) खेळलेल्या संघातल्या खेळाडूचे स्टील आणि ब्लॉक (अडवलेले शॉट) तर थोडे वजा करूनच वाचावेत. एनबीएत बचाव करणाऱ्या उंच खेळाडूला कुणालाही न धरता रिंगखालच्या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. कॉलेजात असा नियम नाही, त्यामुळे तिथे नुसतं रिंगखाली उभं राहूनही ब्लॉक मिळतात.

शॉटबद्दल सगळ्यात जास्त फसगत होते. सामन्याला तीन थ्री धरले तर हंगामात साधारण १०० शॉट होतात. एवढ्या थोड्या शॉट्समध्ये मुळात ३६ टक्क्यांचा शूटर निव्वळ नशिबाने ३१ वर किंवा ४१ वरही दिसू शकतो. शिवाय कॉलेजची थ्रीची रेषा सध्या २२ फूट पावणेदोन इंचांवर आहे, एनबीएची समोरून २३ फूट ९ इंचांवर. म्हणून थ्रीच्या टक्केवारीआधी दोन गोष्टी बघायच्या: फाउलनंतर मिळणाऱ्या फ्री थ्रोची टक्केवारी आणि तो थ्री मारायला किती वेळा धजावतो. फ्री थ्रोला अंतर ठरलेलं, समोर कुणी नाही. मनगट चांगलं आहे की नाही ते तिथे उघडं पडतं. ८५ टक्के फ्री थ्रो आणि ३३ टक्के थ्री असलेला मुलगा मी ६५ आणि ४० वाल्याच्या आधी निवडेन.

शॉटच्या एकूण नेमकेपणासाठी हे गणित: फील्ड गोलचे (खेळ चालू असताना मारलेल्या शॉटचे) प्रयत्न अधिक फ्री थ्रोंच्या ०.४४ पट, त्याची दुप्पट, आणि पॉइंटांना त्याने भाग. १६ प्रयत्न आणि ५ फ्री थ्रोंत २० पॉइंट म्हणजे ५४.९ टक्के.

फ्रेडेटच्याच ड्राफ्टमध्ये पंधराव्या क्रमांकावर सॅन डिएगो स्टेटचा कवाय लेनर्ड होता. दोन वर्षांत मिळून थ्री जेमतेम २५ टक्के. पण फ्री थ्रो दुसऱ्या वर्षी ७६ च्या आसपास, रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) सामन्याला १०.६, पसरलेल्या हातांची लांबी ७ फूट ३ इंच, पंजाची रुंदी सव्वाअकरा इंच. म्हणजे तुटका शॉट दुरुस्त होण्याजोगा, आणि जे शिकवून येत नाही ते आधीच अंगात. सॅन अँटोनिओने ड्राफ्टच्या रात्रीच अदलाबदलीत त्याला घेतलं, शूटिंगचे प्रशिक्षक चिप एंगलंड यांनी त्याची चेंडू सोडण्याची जागा बदलली आणि पहिल्याच हंगामात थ्री ३७ टक्क्यांवर गेले. हाच मुलगा दुसऱ्या संघात गेला असता तर? म्हणून निवडणारा संघ कोणता, हेही आपल्या वहीत लिहायला हवं.

शरीराची मापं घ्या, पण हातांची लांबी उंचीपेक्षा महत्त्वाची. व्यायामशाळेतल्या आकड्यांकडे मी फारसं बघत नाही. २००७ साली, ड्राफ्टआधीच्या चाचणीत, पुढे एनबीए गाजवणाऱ्या केव्हिन ड्युरँटला १८५ पौंडांचा बार एकदाही उचलता आला नव्हता.

वयाचं गणित सरळ आहे: १९ वर्षांच्या मुलाने केलेलं तेच काम २२ वर्षांच्या मुलाच्या कामापेक्षा भारी. पण ही सवलत आंधळेपणाने दिली की पुढे एनबीएत चमकलेला जेलन ब्रन्सन हातचा जातो. विलानोव्हात तीन वर्षं, दोन विजेतेपदं, आणि २०१८ च्या ड्राफ्टमध्ये तेहतिसावा. ठेंगणा, वयाने थोराड, अजून वाढायला वाव नाही, असा त्याचा हिशेब मांडला गेला होता. अडचणीच्या जागी दोन पायांवर थांबून बचाव करणाऱ्याला चकवण्याचं त्याचं कसब कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. त्यासाठी सामनेच बघावे लागतात, तेही मार्चमधल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे नव्हेत, जानेवारीत परक्या मैदानावर बलाढ्य संघाविरुद्ध झालेले. दोनतीन सामन्यांत फक्त त्याच्यावर नजर ठेवा: पास दिल्यावर पाय थांबतात का, शॉट हुकल्यावर धावत बचावाला मागे येतो का, स्क्रीन (प्रतिस्पर्ध्याने वाटेत उभं राहून केलेली आडकाठी) लागली की वाट काढतो की अडकून राहतो.