कूलर भरता आला पाहिजे

डिसेंबरात मला न्यूमोनिया झाला, नऊ दिवस अ‍ॅडमिट होते, सलाइन, अँटिबायोटिक, दोन दिवस ऑक्सिजनही लागला, ते सगळं जाऊ द्या. मला लिहायचंय ते घरी आल्यानंतरचं. डिस्चार्ज मिळाला म्हणजे बरे झालो असंच मी धरून चालले होते आणि तिसऱ्या दिवशी बाथरूममधली अर्धी भरलेली बादली मला नळाखालून सरकवता आली नाही. उचलणं नाही हो, सरकवणं. तिथेच स्टुलावर बसून रडले. वय ५२, ऑफिस, घर, सासूबाईंचं दुखणंखुपणं सगळं करत आलेली मी, आणि हातापायात जीवच नाही.

शेजारच्या काकू डबा घेऊन आल्या तर दारातच म्हणाल्या, "काहून वं, किती वाळली तू! आता दोन महिने पडून राहा बाप्पा, काही करू नको." मायेनंच म्हणाल्या. पण पडून राहणंच तर नडलं होतं. २००७ साली एक अभ्यास छापून आला होता, सरासरी ६७ वयाच्या धडधाकट माणसांना १० दिवस नुसतं बेडवर ठेवलं तर फक्त पायांतलंच जवळपास एक किलो मांस उतरलं. धडधाकट माणसांचं! इथे तर ताप, पोटात अन्न नाही, त्यात पाळी जायचं वय, ज्यात स्नायू आणि हाडं तशीही उतरणीला लागतात.

डॉक्टरांनी व्यायामाला हो म्हटल्यावर फिजिओ मॅडमकडे गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, तुम्हाला परत काय करता आलं पाहिजे?" मी म्हटलं, उन्हाळ्यात कूलर भरता आला पाहिजे. त्या हसल्या नाहीत, नागपूरच्याच त्या. आमचा कूलर गॅलरीत, पाइप तिथवर पोचत नाही, आणि बादली १५ लिटरची म्हणजे सरळ १५ किलो.

मग खुर्चीवर बसवलं, हात छातीशी, ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं बघा. माझे झाले पाच. साठीच्या बाईकडूनही निदान बाराची अपेक्षा असते म्हणे. तिथूनच सुरुवात. खुर्चीवर दोन उशा टाकून सीट उंच करायची, टाचा जमिनीत रोवायच्या, उठताना श्वास सोडायचा, आणि खाली बसताना धपकन न बसता हळूऽऽ मनात चार मोजत बसायचं. खरी मेहनत त्या खाली बसण्यातच आहे, मांड्या थरथरतात. पंधरा दिवसांनी एक उशी गेली, मग दुसरी. चहा उकळेपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली. भिंतीला हात टेकून पुश-अप.

आणि बादली. फेब्रुवारीत चार मग पाण्यापासून सुरुवात केली, आठवड्यातून दोनदाच, बादली अंगाजवळ, कमरेत न वाकता ढुंगण मागे नेऊन उचलायची, हॉलमध्ये दोन चकरा. दर आठवड्याला एक मग वाढवायचा, जास्त नाही.

मध्ये एक चूक केली. नणंद आल्या म्हणून सगळे सेमिनरी हिल्सला गेलो आणि बरं वाटत होतं म्हणून मी पूर्ण चढ चढले, थांबलेच नाही. त्या दिवशी काही झालं नाही, पण पुढचे तीन दिवस अंथरुणातून उठवेना, वाटलं आजार उलटला. तेव्हापासून नियम एकच, आज किती केलं ते आज नाही ठरवायचं, उद्या सकाळी कसं वाटतं त्यावरून ठरवायचं.

खाण्याचंही सांगते कारण आपल्याकडे आजारपणानंतर खिचडी आणि पेजच चालू राहते महिनाभर. माझं वजन ५६, मला रोज ६० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन सांगितलं. एका अंड्यात सहा ग्रॅम. नुसत्या वरणभातावर आकडा गाठला जात नाही हे मी लिहून काढलं तेव्हा कळलं. मग दोन अंडी, वाटीभर दही, घट्ट वरण, आणि सोयाबीनच्या वड्यांची रस्सेदार भाजी, ती आपल्याकडे घरोघरी होतेच. सासूबाई अंडी खात नाहीत पण माझ्यासाठी वेगळं भांडं काढून स्वतः उकडून द्यायच्या, हे मी विसरणार नाही.

होळीनंतर कूलर खाली काढला, बाजूंना नव्या ताट्या, म्हणजे पाण्याने भिजणाऱ्या गवती जाळ्या, लावल्या. तेव्हा मी दहा मगांवर होते म्हणून यांनीच भरला. एप्रिलपासून चालायला पहाटे पाचलाच निघावं लागतं, साडेसातनंतर ऊन चावतं. आता खुर्चीचे १४ होतात. जिने चढताना मात्र अजून दुसऱ्या मजल्यावर थांबते, फुप्फुसाला वेळ लागतो म्हणतात, लागू दे.

काल संध्याकाळी नवतप्याची, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांची, ती झळ, लाइट येऊन-जाऊन, हे बादली घ्यायला उठले तर मी म्हटलं थांबा. काठोकाठ नाही, चार बोटं कमी भरलेली, पण उचलली, गॅलरीपर्यंत नेली, कूलरच्या काठावर टेकवून ओतली. टाकीला पाच बादल्या लागतात. तीन मी टाकल्या, दोन यांनी. मग पंप सुरू केला आणि ताटी भिजून तो ओला वास येईपर्यंत तिथेच उभी राहिले.